पहिलं दळण

कळवण,
१४ सप्टेंबर १९९८

चि. सौ. हर्षाली हिस,
अनेक आशीर्वाद.

गणपतीत तुझा फोन आला तेव्हा धड बोलता आलं नाही. शेजारच्या बूथवर चार माणसं कान टवकारून उभी असतात. तिथे घरातलं बोलायचं म्हणजे गावात दवंडी पिटायची. म्हणून लिहिते.

मी फराळाचं दुकान काढतेय. हसू नकोस. थोरल्या दिरांनी, निवृत्तीभाऊंनी, घराची रस्त्याकडची खोली मला दिवाळीपर्यंत दिली आहे. दिली म्हणजे काय, ह्यांनी जन्मात पहिल्यांदा भावापुढे तोंड उघडलं म्हणून द्यावी लागली. अट घातलीच. दिवाळीत धंदा दिसला तर खोली माझ्याकडे राहील, नाहीतर पाडवा झाला की तिथे टेलिफोन बूथवाला भाडेकरू येणार. म्हणजे ही एकच दिवाळी माझ्या हातात आहे. या घरात माझं म्हणावं असं एक कपाट आहे आणि त्याचीही किल्ली सासूबाईंच्या कमरेला असते. तेव्हा खोलीचं मोल तुला वेगळं सांगायला नको.

हायस्कूलच्या मास्तरांनी, बँकेतल्या लोकांनी आणि दवाखान्यातल्या नर्सबाईंनी आत्ताच ऑर्डरी दिल्यात. सगळ्यांना हवी चकली. एकदा चकली जमली की लाडू-चिवडा लोक आपसूक घेतात. इथली गिरणी मिरचीही त्याच जागेत दळते, पिठाला ठसका येतो. भाजणी मी इथे भाजून एसटीने पाठवीन, दळायची माहेरी, आपल्याच गिरणीत.

आणि एक. दसऱ्याला गिरणीची पूजा झाली की पहिलं दळण माझं. माझ्या लग्नापासून आबांनी हा मान कधी चुकवला नाही. पूजेनंतर पहिलं दळण लेकीचं, मग गावाचं. आबांना जाऊन वर्ष झालं, पण गिरणी तीच आहे ना? गेल्या खेपेला पीठ जाड आलं होतं, दगड गुळगुळीत झाले असतील, तेवढी त्यांना टाकी लावून घे.

ललितला बहिणीचे आशीर्वाद. आईला नमस्कार.

तुझी,
ज्योत्स्नाताई


पंचवटी, नाशिक,
१९ सप्टेंबर १९९८

ती. ज्योत्स्नाताईंना,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही दुकान काढताय हे वाचून बरं वाटलं. खरंच वाटलं. पुढचं वाचून उगाच वेगळा अर्थ काढू नका.

सोमवारी घट बसतायत. त्याच्या आत अख्ख्या आळीला उपासाची भाजणी दळून हवी आहे. गव्हाच्या दगडावर उपासाचं चालत नाही म्हणून लहान चक्की वेगळी धुऊन-पुसून ठेवली आहे, तरी येणारी प्रत्येक बाई आत डोकावून विचारतेच, "गव्हाचा कण तर नाय ना राहिला, हर्षाली?" तुमचे भाऊ सातपूरला कंपनीत, सेकंड शिफ्टला. आई मामांकडे चांदवडला गेल्या आहेत, त्या दसरा करूनच परत येणार. म्हणजे गिरणीवर मी, घरात मी आणि डबे उचलायलाही मीच. घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं, असं मी म्हणत नाही. मनात येतं, ते लिहून टाकलं.

आता दगडांचं. आबा असताना छिन्नीने दगडाला टाकी लावणारा भिका श्रावणातच येऊन जायचा. यंदा तो सटाण्याच्या बाजूला फिरतीवर आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी येतो म्हणून निरोप आलाय. गेल्या वेळी तो मला म्हणाला होता, "वहिनी, टाकी लावली की पहिलं दळण माणसानं खाऊ नाय. दगडाची कच उतरती त्याच्यात." म्हणून विचारते. पूजा झाली की आधी पायलीभर बाजरी घालू का? दगड साफ झाला की लगेच तुमची भाजणी. बाजरी कुणाच्या घरची नाही, आपलीच आहे.

चालणार असेल तर दोन ओळी लिहा. इथे मला उभ्या उभ्या जेवायलाही वेळ नाही, तेव्हा पत्रावर पत्र लिहायला लावू नका.

तुमची,
हर्षाली


कळवण,
२४ सप्टेंबर १९९८

चि. सौ. हर्षाली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा समजून घ्यायला आणि एकदा तू खरंच असं लिहिलं आहेस का ते बघायला.

बाजरी? माझ्या आधी बाजरी?

गिरणीची किल्ली तुझ्याकडे आली म्हणून घराण्याचे मानपान तू ठरवणार का? आबांनी किती दसरे केले, कधी बाजरी घातलेली ऐकली नाही. पूजा झाली की माझं दळण पडायचं आणि संध्याकाळच्या गाडीने ते कळवणला यायचं. त्या पिठात कधी दाताखाली कणसुद्धा आला नाही. आम्हा मुलींना आबा पट्ट्याच्या जवळ येऊ देत नसत, वेणी अडकेल म्हणायचे, पण म्हणून पीठ म्हणजे काय ते मला कळत नाही असं समजू नकोस. कच येते ती पहिल्या मुठीला. ती मूठ काढ आणि टाकून दे. भिकाचं ऐकून तू माझा मान जनावरांच्या धान्याखाली घालायला निघालीस.

तुला काय माहीत, इथे मोठ्या जाऊबाई रोज काय विचारतात! "माहेरचं पीठ येणार ना गं यंदा? का आबा गेले नि सगळंच गेलं?" मी ताठ मानेने सांगितलंय, पहिलं दळण माझंच असतं, यंदाही माझंच असणार. आता मी काय सांगू, बाजरीचा नंबर आधी लागला म्हणून?

माहेरी माझी जागा बाजरीनंतरची असेल तर तसं स्वच्छ लिही. मी मिरचीच्या गिरणीत दळून आणीन आणि नाशिकचा रस्ता विसरेन.

भाजणी २९ तारखेला सकाळच्या गाडीने पाठवते. पहिलं म्हणजे पहिलं. मधे एक दाणाही पडता कामा नये.

ज्योत्स्ना


पंचवटी,
२ ऑक्टोबर १९९८

ती. ताईंना नमस्कार.

झालं तुमच्या मनासारखं. भिका परवा टाकी लावून गेला. काल दगडाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, झेंडूची माळ घातली आणि पहिलं दळण तुमचं घातलं. पहिली मूठ काढून टाकली, तुम्ही लिहिलं होतं म्हणून. मधे एक दाणा पडला नाही. बाहेर बायका डबे घेऊन ताटकळत होत्या, त्यांना सांगितलं, लेकीचा मान आहे, थांबा.

पोती कंडक्टरकडे दिली आहेत. उतरवून घ्या.

हर्षाली


कळवण,
९ ऑक्टोबर १९९८

हर्षाली,

हे पत्र पोस्टात टाकत नाही, गाडीवरच्या कंडक्टरच्या हातात देते, म्हणजे उद्या तुझ्या हातात पडेल. आशीर्वाद लिहिलेला नाही, तो विसरून राहिलेला नाही.

तुझ्या पिठात वाळू होती.

पहिल्या घाण्यातली चकली देवापुढे ठेवली. विकायचा माल उष्टा कसा करायचा, म्हणून आम्ही कुणी एक तुकडा चाखला नाही. रंग असा सुरेख आला होता, काटे असे सुबक पडले होते, की माझीच मला दृष्ट लागेल म्हणून मी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. डबे भरले, नावं लिहिली, घरोघर पोचवले. हायस्कूलमध्ये मधल्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून डबा उघडला आणि सगळ्यांचे दात एकदम कचकचले. ड्रॉइंगच्या मास्तरांनी डबा परत पाठवला, वर चिठ्ठी. "पुढच्या वेळी वाळू वेगळी बांधून द्यावी." बँकेतल्या साहेबांची आई, कुसाबाई, कवळी हातात घेऊन माझ्या दारात आली. भर रस्त्यात म्हणाली, "बाई, मला चार घास खायचे राहिलेत अजून. ते तरी खाऊ दे." बघे हसले. मीही त्यांच्याबरोबर हसले गं, रडायची सोय नव्हती म्हणून.

उरलेलं पीठ चाळून बघितलं. मैद्याच्या चाळणीतूनही ती कच सरळ खाली उतरते. वस्त्रगाळ केलं, तरी तेच. सगळं पीठ वाया गेलं. तळलेलं सगळं वाया गेलं.

निवृत्तीभाऊ काल टेप घेऊन आले आणि खोली मोजायला लागले. मी तिथेच बसले होते. टेपचं टोक त्यांनी माझ्याच हातात दिलं. "जरा धरा हो," म्हणाले. मी धरलं. माझ्याच खोलीची लांबी-रुंदी मी त्यांना मोजून दिली.

तुला माझा राग होता, तर तोंडावर बोलायचंस. मान मागितला म्हणून तू मला दगड खायला घातलेस. आबा असते तर त्यांनी तुला गिरणीच्या पायरीवर चढू दिलं नसतं. आता तुला दुवा देत बसू का? माझी खोली गेली. तुझी गिरणी मात्र धो धो चालली असेल.

ज्योत्स्ना


पंचवटी,
१२ ऑक्टोबर १९९८

ताई,

नमस्कार लिहिते, कारण तुम्ही मोठ्या आहात. दुसरं काही कारण आत्ता सापडत नाही.

तुम्हाला मी विचारलं होतं. लेखी विचारलं होतं. भिका काय म्हणाला तेही लिहिलं होतं. तुम्ही काय उत्तर दिलंत ते आठवा, नाहीतर मी पत्र परत पाठवते, वाचा आणि कपाटात ठेवा. पायलीभर बाजरीत काम भागत होतं. तुम्हाला त्या बाजरीत सवत दिसली.

हो, मला माहीत होतं कच उतरणार. तरीही मी तुमची भाजणी घातली. रागारागाने घातली. म्हटलं, एवढा मान हवाय ना, घ्या. मला वाटलं, वरचं शेरभर खराब होईल, तेवढं चाळून काढाल. सगळं दळण जाईल असं माहीत असतं तर तुमचा मान चुलीत घातला असता आणि बाजरी टाकली असती. यापेक्षा जास्त माफी मला मागता येत नाही. माझ्या वाट्याची तेवढीच आहे.

आता उरलेलं ऐका. आई चांदवडहून आल्या. तुमचं पत्र मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, सगळं, मला पायरीवर चढू दिलं नसतं तेही. आई कपाळाला हात लावून खाली बसल्या. म्हणाल्या, "अगं, तुझे सासरे श्रावणात टाकी झाली की दुसऱ्या दिवशी पहाटंच शटर आतून ओढून घ्यायचे. बाजरी घालायचे, मग गव्हाचा कोंडा. त्ये समदं गेणू गवळ्याच्या म्हशी खायच्या. दसऱ्याला पूजा झाली की जोसनाचं दळण पडायचं, म्हणजे तवापर्यंत दगड लय येळा चाललेला असायचा. पोरीला कशाला सांगायचं, म्हनायचे, तिला वाटू दे पहिलं."

वाचलंत? एवढी वर्षं तुम्ही जे मिरवलंत ते पहिलं दळण म्हशींच्या पोटात जात होतं. तुमच्या वाट्याला यायचं ते चांगलं पीठ. आबांनी तुम्हाला मानही दिला आणि पीठही दिलं. मला मात्र कुणी काही शिकवलं नाही. नवरा कंपनीत, सासरे वरती, सासू माहेरी. गिरणी माझ्या गळ्यात मारली आणि मग आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला तुम्ही कळवणला बसलात.

आणि माझी गिरणी धो धो चालली का विचारता? चालली. तुमच्या दळणाने दगड असा साफ झाला की त्यानंतर पंचवटीत ज्या चकल्या झाल्या त्यांची नुसती वाहवा चाललीय. बायका मुद्दाम येऊन सांगतायत. मी ऐकते आणि पुढचा डबा ओतते.

सोबत पीठ पाठवते. भाजणी माझी, घरातल्याच डाळ-तांदळाची. आईंनी चुलीपुढे बसून भाजली. मी तिला पहिलं घातलं नाही. डब्यांवर खडूने "ज्योत्स्ना, कळवण" असं लिहिलं आणि रांगेत लावले. पुढे वाण्याची बायको होती, तिच्या पुढे शाळेतली लंकाबाई. नंबर आला तेव्हा दळलं. आधी चिमूट जिभेवर ठेवली, मग पोत्यात भरलं. तुम्हीही ठेवा. उष्टं होईल म्हणून घाबरू नका. देव काही दात घासून बसलेला नाही.

दिवाळीला पाच-सात दिवस उरलेत. मला शिव्या द्यायच्या तर तळता तळता द्या.

हर्षाली


कळवण,
१७ ऑक्टोबर १९९८

हर्षाली,

पीठ चांगलं निघालं. तुझ्यावरचा राग तसाच आहे. "देव दात घासून बसलेला नाही" हे सासूबाईंनी वाचलं असतं तर मला अंघोळीला बसवलं असतं. आणि बाजरीत सवत दिसली म्हणालीस ते मला लागलं. खरं असलं तरी लागलं. असं लिहू नये मोठ्या नणंदेला.

आबांचा मात्र तुझ्याहून जास्त राग आला. रात्रभर वाटत होतं, उठावं आणि फोटो उलटा करून ठेवावा. एकदा हाताला धरून आत नेलं असतं, हा दगड, ही टाकी, ही कच असं दाखवलं असतं, तर मी तुझ्याशी असं भांडले असते का? लेकीला मान दिला की तिला काही कळलं नाही तरी चालतं, असा सगळा हिशेब. मलाही तो गोड लागत होता, हे सांगताना आता जीभ जड होते.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून तळतेय. ज्यांनी डबे परत केले त्यांच्या दारी ताटात चकल्या घेऊन गेले. प्रत्येक घरात आधी माझ्या दाताने चकली मोडून खाल्ली आणि मग ताट पुढे केलं. ड्रॉइंगच्या मास्तरांना म्हटलं, "वाळू वेगळी आणली नाही, क्षमा असावी." ते ओशाळले, डबा भरून घेतला. नर्सबाईंनी घेतला. बँकेच्या साहेबांनी दार उघडलं नाही, पण त्यांच्या आईने खिडकीतून हात बाहेर काढला. निम्मी ऑर्डर परत मिळाली असेल. निम्मी गेलीच.

काल निवृत्तीभाऊ बूथवाल्याला घेऊन आले. त्याने तारा कुठून आणायच्या ते भिंतीवर खुणा करून बघितलं. मी कढईसमोर बसले होते. भाऊ म्हणाले, "प्रयत्न केलात, कौतुक आहे. निम्मं गिऱ्हाईक गेलं म्हणजे धंदा झाला असं काही म्हणता येत नाही." मग मोठ्या जाऊबाई आल्या. लाडाने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मन लहान करू नको. यंदा लक्ष्मीपूजनाला आम्ही बसत नाही. तुम्ही दोघं बसा. पूजेचा मान तुझा."

हर्षाली, दोन महिन्यांपूर्वी असं कुणी म्हणालं असतं तर मी त्यांच्या पाया पडले असते. हा मान या घरात धाकट्या सुनेला कधी मिळाला नाही. मी तुला तो लगेच लिहून कळवला असता, आईला कळवला असता, अख्ख्या पंचवटीला कळवला असता.

मी झारा खाली ठेवला. म्हटलं, "पूजेला तुम्हीच बसा. दरवर्षी बसता तसे. मी इतकी वर्षं मान खाल्ला, माझं पोट भरलं नाही. मला खोली हवी. बूथवाला जेवढं भाडं देणार तेवढं मी देईन, पावती माझ्या नावाने फाडा. आणि नाही दिलीत तर मी इथून उठत नाही. तुम्ही पूजा मांडाल, पाडवा कराल, मी इथेच बसून तळत असेन, येणारे-जाणारे बघतील."

भाऊ ह्यांच्याकडे वळले. "संतोष, बायकोला समजाव." हे दारातच उभे होते. मला वाटलं, आता मान खाली घालतील. ते आत आले, बूथवाल्याने भिंतीवर मारलेल्या खुणा ओल्या फडक्याने पुसायला लागले. एकेक खूण पुसत गेले. बूथवाला आपली पिशवी उचलून निघून गेला. भाऊ जाताना म्हणाले, "दिवाळी होऊ दे, मग बघतो." बघू दे. मीही बघणार आहे.

सोबत गव्हाचं आणि भाजणीचं दळण पाठवलं आहे. चकली भाऊबीजेनंतरही लागेल. लग्नाचे मुहूर्त येतायत, दोन घरांनी विचारलंय. डबे रांगेत लाव. कुणाच्या पुढे घुसवू नकोस, कुणाला मागे सारू नकोस. आणि पुढच्या श्रावणात भिका टाकी लावायला येईल तेव्हा मला कळव. मी येऊन तिथे उभी राहणार आहे, वेणी बांधून. माझ्याच माहेरी मला दगड बघायला कुणी अडवलं तर त्यालाही असंच पत्र जाईल.

भाऊबीजेला माझी वाट बघू नका. ललितला सांग, यायचं तर त्याने इकडे यावं. ओवाळीन. पण ओवाळताना गिऱ्हाईक आलं तर मी ताट खाली ठेवणार आणि आधी त्याला चकली देणार.

तुझी,
ज्योत्स्नाताई